भिंतीतलं जर्मल

आमच्या घरात जर्मलचं एकही भांडं नव्हतं. जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. लातूरच्या बाजारात अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, तांब्या-पितळेचं आणि पुढे स्टीलचंही, पण जर्मल त्यांनी कधी विकायला ठेवलं नाही. गिऱ्हाईक मागायला आलं की ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. डोळे मिटून, नखानं टिचकी मारून ते भांड्याचा धातू सांगायचे. "तांबं बोलतं, पितळ गातं, आन् जर्मल नुसतं खोकतं," असं ते म्हणायचे. आम्ही तिघंच घरात होतो, अप्पा, अव्वा आणि मी. आईला मी अव्वा म्हणायचे, आमच्या लिंगायतांत तसंच म्हणतात. सकाळी अप्पांची लिंगपूजा चालू असायची तेव्हा स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज यायचा आणि त्या दोन आवाजांच्या मधे मी बोलायचं नाही असा नियम होता. पूजा झाली की अप्पा मला हाक मारायचे, "गिरजे, ये गं," आणि माझ्या कपाळाला भस्म लावायचे. त्यांच्या बोटाला नेहमी चिंचेचा वास यायचा, दुकानात भांडी उजळायला चिंच लागायची म्हणून.

घर चार खोल्यांचं होतं. मी पाच वर्षांची असताना अप्पांनी ते बांधलं. मला त्यातलं फक्त वाळूच्या ढिगावरून घसरणं आठवतं. पण घर कसं बांधलं हे मला पाठ होतं, कारण पाहुणे आले की अप्पा ते सांगायचे. दगड कुठला, सागवान कुठलं, आणि शेवटी हमखास वायरिंग. "वायर मी स्वतः हैदराबादहून आणली. अस्सल तांबं. भिंतीत पाइप घालून त्यातून फिरवली. इथल्या मिस्त्र्याला हात लावू दिला न्हाई." पाहुणे मान डोलवायचे. अव्वा पाण्याचे तांबे ठेवून आत जायची. ती कधी या गोष्टीत भर घालायची नाही. आज मला वाटतं, तिच्या त्या आत जाण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण आईच्या गप्प बसण्यातून काही शोधावं असं त्या वयात कुणाला सुचतं?

मी आयटीआयला वायरमनच्या कोर्सला गेले तेव्हा त्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. मावशी म्हणाली, हिला शिवणकाम शिकव. चुलते म्हणाले, खांबावर चढणारी सून कोण करून घेईल? अप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझी पोरगी हाय, मला काय ते बघू द्या." पहिली पक्कड त्यांनीच आणून दिली. तिच्या मुठीवरचं लाल रबर नंतर गळून पडलं, पण तोंड अजून घट्ट मिटतं. घरातल्या बोर्डाला मात्र हात लावायचा नाही, असं दोघांनीही बजावलं होतं. दिवा बदल, फ्यूजची तार घाल, तेवढं पुरे. चालू घरात शिकायचं नाही, असं अव्वा म्हणायची. मला ते शहाणपणाचं वाटलं.

दुपारच्या जेवणाला अप्पा दुकानाचं दार अर्धं ओढून घरी यायचे. ज्वारीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बेंदराच्या सणाला किंवा घरात काही चांगलं झालं की गव्हाची गोड हुग्गी. बाजूच्या डाळमिलचा घरघराट सुरूच असायचा आणि तिथली मोठी मोटर चालू झाली की आमचा पंखा क्षणभर आळसावायचा. त्या ताटावर मी अप्पांना माझी सगळी विद्या सांगितली. त्यांना रस होता, हे मी आजही नाकारत नाही. ते एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यासारखे विचारायचे.

"मग घराची ताकद किती, हे कळतं कशावरून?"

"बाहेरून आत यायचं, अप्पा. आधी खांबावरून किती तारा आल्या ते बघायचं. दोन आल्या तर सिंगल फेज, चार आल्या तर थ्री फेज. मग ती आलेली वायर जाड का बारीक. मग मीटरवरचा आकडा. मग मेन स्विचवरचा. बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो, तो."

"आन् ह्यातला मोठा आकडा धरायचा."

"न्हाई. सगळ्यात लहान. घागर केवढीबी असू दे, तोटी बारीक असली की पाणी बारीकच येणार."

त्यांना ते फार आवडलं. दुकानात गिऱ्हाइकांना ते माझं नाव घेऊन सांगायचे. मग एकदा त्यांनी विचारलं, भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून, "पण भिंतीतल्या पाइपात कसली वायर हाय, ते कसं कळतं?"

"आतलं दिसत न्हाई. टोकावरूनच सांगायचं. बोर्ड खोलायचा, वायर जराशी बाहेर ओढायची आन् ब्लेडनं खरवडायची. लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर जर्मल."

"जराशी म्हंजे किती?"

"वीतभर. त्याहून जास्त कोण ओढतंय."

"वीतभर," अप्पा म्हणाले आणि जेवू लागले.

आता माझी सत्तरी जवळ आलीय. नांदेडात कुणी तयार घर घ्यायला निघालं की मला बोलावतात. जोडपी असतात, हातात मोबाइल, त्यात बिल्डरनं दिलेली यादी. मी यादी बघत नाही. खांबापासून सुरुवात करते, आणि बोर्ड खोलला की वायर हातभर, दोन हात, येईल तेवढी ओढते. एखादा मालक चिडतो, "बाई, भिंत उकरता का काय?" मी म्हणते, "हाव, लागली तर उकरीन." त्यांना वाटतं म्हातारी विक्षिप्त आहे.

नांदेडला जायचं अप्पांनी ठरवलं ते त्यांच्या एका जुन्या व्यापारी मित्रामुळे. तिथं मोक्याच्या जागी मोठं दुकान रिकामं होत होतं, पण त्यासाठी लातूरचं घर लवकर विकायला हवं होतं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोन्ही वेळा मी परीक्षेच्या धावपळीत होते, आणि ती का परत गेली हे मी विचारलं नाही. तिसऱ्या आल्या त्या सिस्टर.

सिस्टर म्हणजे माझ्या मैत्रिणीची, रंजनाची आई. मूळच्या किनवटकडच्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, नवरा लवकर गेलेला. मायलेकी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. आमच्या घरी मला कुणी गिरिजा म्हणत नसे, गिरजी, गिरजे. सिस्टर मात्र पूर्ण नाव घ्यायच्या, 'गिरिजा', सावकाश, एखाद्या मोठ्या माणसाला हाक मारावी तसं. रंजना आणि मी सातवीपासून एका बाकावर. ती सुंदर शिवायची. तिच्या मनात शिवणाचा वर्ग काढायचा होता, तीन मोटरच्या मशिनी आणि एक जड इस्त्री. आमची समोरची खोली रस्त्यावर होती, उजेडाची होती. ती त्या खोलीत उभी राहून हातानं दाखवायची, इथं एक मशीन, इथं दुसरी, इथं कापायचं टेबल. मला घर सोडायचं वाईट वाटत होतं, पण ते रंजनाकडे जाणार म्हटल्यावर निम्मं दुःख गेलं.

सिस्टर घर बघायला येणार त्याच्या आधीच्या आठवड्यात अव्वानं मला मावशीबरोबर माहूरला पाठवलं. म्हणाली, तू पास व्हावीस म्हणून रेणुकादेवीला बोलले होते, तो नवस राहिलाय, गाव सोडण्याआधी फेडून ये. आम्ही दोघी एसटीनं गेलो, गड चढलो, प्रसादाचा तांबूल घेतला, एक मुक्काम केला. मावशी सगळ्या वाटेनं माझ्या लग्नाबद्दल बोलत होती. परत आले तर घराला आतून नवा चुना दिलेला. बोर्डांच्या कडेनं चुन्याचे शिंतोडे होते, ते मी ओल्या फडक्यानं पुसले. मेन स्विचही नवा बसवलेला दिसला. "विकायचं घर नीटनेटकं दिसलं पाहिजे," अप्पा म्हणाले. बरोबर होतं ते.

सिस्टर आल्या त्या दिवशी त्यांनी अप्पांसमोरच मला सांगितलं, "गिरिजा, मला विजेतलं कळत न्हाई. विकणारा माणूस आपल्या घराला नावं ठेवीत नसतो, म्हणून अप्पांना मी काही विचारणार न्हाई. तू बघ आन् तू सांग. तू म्हणशील ते खरं."

माझ्या आयुष्यातली ती पहिली तपासणी. परवाना हातात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी खांबापासून सुरुवात केली. दोन तारा, म्हणजे सिंगल फेज. खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर जुनी आणि बारीक. मीटर लहान. आणि त्याच्या पुढे तो नवा, भलामोठा मेन स्विच. मी तिथंच थांबले. मागे अप्पा, अव्वा, सिस्टर, रंजना उभे होते. तरी मी बोलले.

"सिस्टर, मेन स्विच मोठा हाय म्हणून फसू नका. खांबावरून आलेली वायर बारीक हाय, मीटरबी छोटं. ह्या घराला आत्ता दिवे, पंखे आन् एखादी शेगडी एवढंच झेपतं. रंजनाच्या मशिनी आन् इस्त्री लावायच्या आधी अर्ज करून लोड वाढवून घ्या. सर्व्हिस वायर, मीटर बदलून घ्या. तवर इस्त्री लावू नका."

 मग अप्पा हसले. "बघा सिस्टर. माझ्याच घरात उभी राहून माझ्याच घराचे वाभाडे काढून राहिली."

सिस्टरच्या चेहऱ्यावर जो समाधानाचा भाव आला तो मला आजही दिसतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी त्यांचं घर घ्यायचं पक्कं झालं, बोर्ड मी अजून खोलायचे होते तरी. मग मी बोर्ड खोलले. एक समोरच्या खोलीतला, एक स्वयंपाकघरातला, एक मधल्या खोलीतला. प्रत्येक ठिकाणी वायर वीतभर ओढली, ब्लेडनं खरवडली. लालभडक तांबं. मी सिस्टरना ते बोटावर धरून दाखवलं. "आतलं सगळं तांब्याचं हाय, सिस्टर. त्याची काळजी नको." अप्पा दारात उभे होते. ते माझ्या बोटाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना माझा अभिमान वाटतोय म्हणून.

तो मोठा मेन स्विच त्यांनी मुद्दाम लावला होता का, मी तो पकडावा आणि सिस्टरचा माझ्यावर विश्वास बसावा म्हणून? की नुसताच मोठा दिसावा म्हणून लावला आणि माझं बोलणं त्यांच्या पथ्यावर पडलं? हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. काय उत्तर आलं असतं तर बरं वाटलं असतं, ते मला ठरवता येत नाही.

आम्ही नांदेडला गेलो. जुन्या नांदेडात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. सिस्टरनी माझं ऐकून सगळं रीतसर केलं, अर्ज दिला, लोड वाढवून घेतला, नवी सर्व्हिस वायर आली, मीटर आलं. रंजनाचा वर्ग सुरू झाला. ती कार्डं पाठवायची. पोस्टमन कार्ड दुकानात टाकायचा आणि अप्पा ते जेवायला येताना वर आणायचे, जिन्यातूनच मोठ्यानं वाचत. कार्ड काय, कुणीही वाचावं. एक दिवस त्यांनी वाचलं, "समोरच्या खोलीतल्या बोर्डातून अधूनमधून जळकट वास येतो. इस्त्री जास्त वेळ चालली की लाकडी बोर्ड गरम लागतो. तू कधी येतेस? नाहीतर काय करू ते कळव."

अप्पांनी वाचून कार्ड माझ्याकडे दिलं. मी विचार केला. वायर तांब्याची, जाडी पुरेशी, सर्व्हिस नवी. मग राहिलं काय? सॉकेटचा स्क्रू सैल झाला असेल. मी ते मोठ्यानं बोलूनही दाखवलं, "स्क्रू सैल झाला असंल, नाय का, अप्पा?" अप्पा हात धूत होते. "असंल," ते म्हणाले. मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. मेन बंद कर, बोर्ड खोल, सॉकेटचे स्क्रू घट्ट आवळून घे, मग काळजी नाही.

रंजनानं तसंच केलं. स्क्रू आवळले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी वर्ग चालू असताना, त्या बोर्डानं पेट घेतला. शेजारी लग्नाच्या ब्लाउजांचा गठ्ठा टेबलावर होता, खिडकीचा पडदा होता. पोरी ओरडत बाहेर पळाल्या. रंजनानं मेन बंद केला, आणि मग गठ्ठा वाचवायला परत आत गेली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

कळलं तशी मी पक्कड घेऊन एसटीत बसले. दार सिस्टरनी उघडलं. "ये," एवढंच म्हणाल्या. समोरची खोली काळी झाली होती. जळलेल्या रेशमाचा वास भिंतीत बसला होता. रंजना आतल्या खोलीत झोपली होती. तिला भेटायच्या आधी मी बोर्डाकडे गेले, आणि यासाठीही मी स्वतःला फारसं माफ करत नाही. मेन बंद आहे ना ते बघितलं, कोळसा झालेलं लाकूड सोडवलं आणि वायर ओढली. वीतभर तांबं आलं. मी आणखी ओढलं. अडकलं. जोर लावला तसा पाइपाच्या तोंडातून एक काळी गाठ बाहेर आली, वितळलेल्या चिकटपट्टीची. तिच्या पलीकडे पांढरी वायर होती. तुटायला आलेली, ठिसूळ, राखाडी. मी ब्लेड चालवलं. पांढरं.

मग मी स्वयंपाकघरातला बोर्ड खोलला, मग मधल्या खोलीतला. सगळीकडे तेच. दीड वीत तांबं, मग पिळून बांधलेली गाठ, आणि मग भिंतभर जर्मल.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जर्मलची वायर म्हणजे पाप नव्हे. खांबावरून येणारी वायर बहुतेक तीच असते. पुरेशी जाड घातली, टोकं नीट बसवली आणि मधूनमधून तपासली, तर ती वर्षानुवर्षं काम देते. पण तिला तांब्याशी नुसती पिळून बांधली की त्या दोन धातूंचं एकमेकांशी पटत नाही. सांध्यावर पांढरी बुरशी चढते, सांधा सैल होतो, तापतो, जास्त सैल होतो, जास्त तापतो. थोडा लोड असता तर ते घर आणखी काही वर्षं रेटलं असतं. लोड मी वाढवायला सांगितला होता. माझा तो सल्ला खरा होता.

रंजना जागी झाली होती. हाताला पांढरं बँडेज. मी तिला सांगितलं, पाइपात जर्मल आहे आणि टोकांना तांबं जोडलंय. 

"तुला ठाऊक होतं?"

"न्हाई. तुझी शपथ, न्हाई."

"घर तुझं होतं, गिरजा. तू तिथं लहानाची मोठी झालीस. आन् वायरमनबी तूच."

 खरं उत्तर एवढंच होतं की माझा बाप म्हणाला तांबं आहे, म्हणून मी तांबं मानलं, आणि मग ब्लेडनंही तांबंच दाखवलं. ते बोलायला तोंड उघडलं, पण ते मलाच खोटं वाटलं.

एक गाठ मी कापून घेतली, एका बाजूला वीतभर लाल, दुसऱ्या बाजूला वीतभर पांढरं, आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला परतले. अप्पा जेवायला बसले होते. अव्वा भाकरी भाजत होती. मी ती गाठ त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"काय हाय हे?"

"तुम्हीच सांगा. धातू तुमच्याइतका कुणाला ओळखू येतो?"

त्यांनी हात लावला नाही. भाकरीचा घास वरणात बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "बांधताना ओढाताण होती. तांबं परवडलं न्हाई. पंधरा वर्षं राहिलो त्या वायरीवर. कुणाला साधा झटका तरी बसला का?"

"न्हाई. कारण तेव्हा सगळं जर्मलच होतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. जर्मलनं घर पेटवलं न्हाई, अप्पा. तुम्ही जोडलेल्या तांब्यानं पेटवलं."

त्यांचा घास थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. धातू ओळखणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. क्षणभर मला त्यांची कीव आली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"दोन गिऱ्हाइकं वायरिंग बघून परत गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "सिस्टर तुझ्या शब्दावर घेणार हे मला ठाऊक होतं. औशाहून एक मिस्त्री आणला."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू खोटं बोलली असतीस का? तू खोटं बोलत न्हाईस. म्हणूनच न्हाई सांगितलं."

हे त्यांनी असं म्हटलं, जसं काही माझ्यावर उपकार केला होता, मला खोटेपणापासून वाचवलं होतं. मी विचारलं, "आन् कार्ड आलं तेव्हा? तुम्हीच वाचलंत. वास येतोय, बोर्ड तापतोय. तेव्हा तरी?"

ते ताटातच हात धुऊ लागले. जेवण अर्धं राहिलं होतं. अव्वा तव्यावरची भाकरी न उलटता म्हणाली, "पुरे आता. जेवताना नको."

"अव्वा, तुला ठाऊक होतं?"

भाकरी करपायला लागली. तिनं ती उलटली. "तुला माहूरला कुणी धाडलं?" ती म्हणाली. "मिस्त्री दोन दिवस आपल्याकडं जेवला. मीच वाढलं."

मी काही भांडले नाही. भांडायला एक माणूस तरी आपल्या बाजूचं लागतं. पेटीत कपडे भरले आणि लातूरला परत गेले. पुढे मी नांदेडच्या त्याच घरात, अप्पांबरोबर, बरीच वर्षं राहिले. त्यांच्या आजारपणात त्यांना भरवलंही. दुकानात ते शेवटपर्यंत सांगायचे, माझी पोरगी वायरमन आहे, पुरुषांनाही हार जात नाही. मी वरून ऐकायचे. पण ताटावर बसून मी त्यांना माझ्या कामातलं पुन्हा एक अक्षर सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

सिस्टरच्या घरात मी वीस-बावीस दिवस होते. सिस्टरना मी सगळं सांगितलं, औशाच्या मिस्त्र्यासकट, माहूरसकट. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हटलं, सगळं ओढून काढते आणि नवं भरते, वायर मी आणते. त्यांनी नको म्हटलं नाही. पाइप बऱ्याच ठिकाणी गंजून बुजले होते, तिथं भिंत छिन्नीनं फोडली. हातांना फोड आले. सकाळी दवाखान्यात जाताना सिस्टर माझ्यासाठी धपाटे झाकून ठेवायच्या. रंजना दारात येऊन बघायची आणि परत जायची. एकदाच तिनं डाव्या हातानं मला पाण्याचा पेला दिला. मी दर सांध्याला तिला हाक मारून दाखवणार होते, पण हाक मारली नाही. भिंतीतून ओढून काढलेल्या जर्मलचं भेंडोळं अंगणात साचत गेलं. शेवटी ते कमरेएवढं झालं.

काम संपलं त्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले तर समोरच्या खोलीत एक अनोळखी वायरमन उभा होता. पन्नाशीचा, खांद्याला झोळी. सिस्टरनी त्याला बोलावलं होतं. मला त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. "गिरिजा, हे एकदा बघतील," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, सावकाश. मी म्हटलं, "हाव, बघू द्या की." आणि खरंच, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. दिवे बंद होते, खोलीत अंधार होता, म्हणून मी माझी टॉर्च घेतली आणि त्याच्यासाठी धरून उभी राहिले.

त्यानं एकेक बोर्ड खोलला. वायर ओढली, वीतभर नाही, हातभर, दोन हात. खरवडली. मेन स्विच बघितला, फ्यूज बघितले, खांबापर्यंत जाऊन आला. मी त्याच्या मागे मागे टॉर्च धरून चालत होते. मला एकही प्रश्न त्यानं विचारला नाही, मी घरातलीच कुणी पोरगी असेन असं त्याला वाटलं असावं. शेवटचा बोर्ड बंद करून त्यानं हात झटकले आणि सिस्टरकडे वळून म्हणाला, "काम एक नंबर हाय, बाई. असं काम आजकाल कुणी करत न्हाई. कुणी केलं?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आधीच्या मालकाच्या पोरीनं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.